राईतले देव आणि पुण्याचे शास्त्रज्ञ

भारतीय विज्ञान परिषदेच्या 1973 सालच्या साठाव्या अधिवेशनात एक छोटं टिपण सादर झालं. लेखक दोघे, दोघेही पुण्याचे: वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ. विषय होता धार्मिक श्रद्धेपोटी राखलेली रानं. शीर्षक इंग्रजीत असलं तरी ‘देवरहाटी’ हा कोकणातला शब्द त्यात जसाच्या तसा ठेवलेला होता. ते दिवस अणुभट्ट्यांचे, पोलादाचे आणि संकरित बियाण्यांचे. अशा वेळी शास्त्रज्ञांच्या सभेत वाघजाई नि काळकाई यांच्या रानाचा विषय काढायचा, म्हणजे निम्म्यांना तो अंधश्रद्धेचा वाटणार आणि उरलेल्यांना लोककथेचा. त्या दोघांना तो वनस्पतिशास्त्राचा वाटला, आणि थोडा राजकारणाचाही. या टिपणामागची वाट मुळशीवरून जाते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून ते पाणी पश्चिमेला, घाटाखाली कोकणात सोडायचं आणि त्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज करायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. मुळशी पेट्यातली पन्नासच्या वर गावं त्यात सापडली. ही आंबेमोहोर भाताची खाचरं. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी कामाच्या जागी ठिय्या दिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट यांना लोक सेनापती म्हणू लागले ते इथूनच. सत्याग्रह 1924 पर्यंत रेंगाळत, पेटत, पुन्हा विझत चालला आणि हरला. हरण्याचं एक कारण पुण्यातच होतं. खोऱ्यातल्या बऱ्याच जमिनी शहरातल्या सावकारांच्या नावावर होत्या आणि त्यांना भातापेक्षा भरपाई गोड लागली. कसणाऱ्याचा जीव जमिनीत होता, मालकाचा रकमेत. 1927 साली भिऱ्याचं वीजकेंद्र सुरू झालं. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर लिहिलेल्या इंग्रजी पुस्तकाच्या नावातच त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे.

सत्याग्रहाच्या घोषणेत जान होती आणि जमीन होती. देव नव्हते, आणि नसावेत यात नवल नाही. घर बुडत असताना माणूस खाचराचाच हिशेब आधी करतो. पण मावळातलं गाव म्हणजे नुसती घरं आणि खाचरं नव्हेत. गावाच्या वरच्या अंगाला, बहुधा झऱ्याच्या किंवा ओढ्याच्या उगमाशी, एक रान राखलेलं असतं. त्याला राई म्हणतात. आत शेंदूर फासलेला एखादा तांदळा. त्याला नाक-डोळे नाहीत, बऱ्याचदा छप्परही नाही, कारण देवीला छप्पर चालत नाही असा गावाचा समज. आत शिरताना वहाणा बाहेर ठेवायच्या, आणि वाळकी काटकीसुद्धा उचलून घरी न्यायची नाही. राई गावाच्या सीमेशी, पाण्याशी आणि मानापानाशी बांधलेली असते. गाव उठून दुसरीकडे गेलं तर गावकरी तांदळा डोक्यावर घेऊन जाऊ शकतात, राई नेता येत नाही.

पुण्यातल्या विद्वानांनी या राईकडे पाहायला सुरुवात केली ती वेगवेगळ्या दारांनी. पहिलं दार वनस्पतिशास्त्राचं. मालवणचे शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांचं नाव प्राणिशास्त्रातही आहे, कारण सह्याद्रीतल्या ओढ्यात त्यांना गोड्या पाण्यातला जेलीफिश सापडला होता. आयुष्याची बरीच वर्षं कलकत्त्यात घालवून ते पुण्यात आले आणि 1946 साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी राहिली. आज तिलाच आघारकर संशोधन संस्था म्हणतात. सह्याद्रीतली झाडं गोळा करायची, वाळवून कागदावर चिकटवायची, नाव लिहायचं, हे तिथलं नित्याचं काम. वर्तक त्याच परंपरेतले. पान चुरगाळून, वास घेऊन झाड ओळखणाऱ्यांची ती पिढी.

दुसरं दार दामोदर धर्मानंद कोसंबींचं. हा माणूस गणिती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत नोकरी मुंबईला, बिऱ्हाड पुण्याला, त्यामुळे दख्खनची राणी ही त्यांची नेहमीची गाडी. संख्याशास्त्राचा हात बसावा म्हणून प्राचीन नाणी तोलायला लागले आणि तोलता तोलता इतिहासकार झाले. पुढे टेकड्या, डोंगर, देवीची ठाणी पायांखाली घातली. सुटीच्या दिवशी चालायला जायचं आणि वाटेत शेंदूर लागलेला दगड दिसला की थांबून तो कोण, त्याला काय चालतं, जत्रा केव्हा, असं विचारायचं. अशा ठाण्यांच्या आसपास त्यांना बारीक गारगोटीची, अश्मयुगातली हत्यारं मिळत. त्यावरून त्यांनी एक धीट मांडणी केली. यातल्या कित्येक देव्या नांगराच्या आधीच्या आहेत. त्या शिकारी आणि गोळा करून खाणाऱ्या माणसांच्या वाटांवर, वाटा मिळतात तिथे बसल्या. पुढे शेती आली, व्यापारी मार्ग आले, लेणी कोरली गेली, तरी देव्यांनी जागा सोडली नाही. 1962 साली निघालेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या पुस्तकात हे सगळं आहे. मावळातल्या राया त्यांच्या दृष्टीने या जुन्या अवस्थेचा अवशेष होत्या. कोसंबी कडवे मार्क्सवादी. देवावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण देवाची चौकशी त्यांच्याइतक्या बारकाईने पुण्यातल्या किती भाविकांनी केली असेल, कोण जाणे.

तिसरं दार इरावती कर्व्यांचं. डेक्कन कॉलेजात मानववंशशास्त्र शिकवणाऱ्या बाई मोजमापाची हत्यारं घेऊन गावोगाव फिरत आणि मराठीत ललित लेखही लिहीत. वारीवरचा त्यांचा लेख अजून वाचला जातो. त्यांचं शेवटच्या काळातलं एक काम मात्र फारसं कोणाला आठवत नाही. जाई निंबकरांबरोबर त्यांनी कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. ती 1969 साली छापून आली, आणि पुढल्याच वर्षी बाई गेल्या. मुळशीच्या वेळी हा हिशेब कोणत्याही विद्यापीठाने केलेला नव्हता. माणसं उठवल्यावर त्यांचं काय होतं, हा प्रश्न पुण्यातल्या समाजशास्त्राच्या टेबलावर यायला दुसऱ्या मोठ्या धरणाची वाट पाहावी लागली.

याच कर्व्यांच्या शेजारी धनंजयराव गाडगीळांचं घर. धनंजयराव अर्थशास्त्रज्ञ, गोखले संस्थेचे संचालक. त्यांचा मुलगा माधव. पोरवयात इरावतीबाईंबरोबर तो कोडगूला गेला आणि तिथली देवाची रानं त्याने पाहिली. पुढे फर्ग्युसन, मुंबईची विज्ञान संस्था आणि हार्वर्ड. 1969 साली तिथली डॉक्टरेट. प्राण्यांच्या जीवनक्रमाचं गणित हा त्यांचा विषय. या विषयावरचा बॉसर्टबरोबरचा त्यांचा 1970 चा शोधनिबंध आजही परिस्थितिकीच्या पाठ्यपुस्तकांत येतो. असा माणूस 1971 साली अमेरिका सोडून पुण्याला परतला आणि विज्ञानवर्धिनीत रुजू झाला. तिथे वर्तकांची गाठ पडली. एकाला गणित येत होतं, दुसऱ्याला झाडं. दोघांनाही चालता येत होतं, आणि सह्याद्रीत हे तिसरं बाकीच्या दोहोंपेक्षा उपयोगी.

मुळशी, मावळ, वेल्हे, भोर, पलीकडे कोकणात श्रीवर्धन, महाड, अशी ही फिरती झाली. पद्धत साधी. गावात जायचं, पाटलाला नाहीतर गुरवाला भेटायचं, राई कुठे ते विचारायचं. मग आत जाऊन झाडांची यादी आणि बाहेर येऊन नियमांची यादी करायची. नियम सर्वत्र सारखे नव्हते. कुठे पडलेलं पानही उचलायचं नाही, कुठे हिरडा वेचायला हरकत नाही. काही गावांत घर जळालं किंवा पूल बांधायचा असला तर देवीला कौल लावून एखादं झाड घेता येई. गुन्हा करणाऱ्याचा हात झडतो, बैल मरतो, अशा कथा सगळीकडे. पण त्यांच्या जोडीला गावाचा दंडही असे. राई केवळ भीतीवर टिकली नव्हती, तिथे पंचांची बैठकही होती. ‘पूर्वजांना पर्यावरण कळत होतं’ असं हल्ली व्याख्यानांत उठताबसता म्हणतात, तेव्हा नेमका हाच भाग गळून जातो.

आत काय सापडलं? डोंगर उघडे पडलेले असताना राईत जांभूळ, अंजन, हिरडा, आंबा यांचे मोठमोठे वृक्ष, वर चढत गेलेल्या महावेली. वेल्हे तालुक्यातल्या (आता त्याला राजगड म्हणायचं) एका राईत गारंबीची एकच वेल शिल्लक होती. ही वेल अजस्र. शेंग हातभर लांब, बी चपटं नि गुळगुळीत. गुरांना साप चावला की तिची साल औषधाला लागते अशी श्रद्धा, म्हणून लांबलांबच्या गावांतून लोक त्या एका वेलीपाशी येत. पूर्वी ज्याच्या त्याच्या रानात असणारी वस्तू आता एकाच देवीच्या दारात उरली होती. वनस्पतींची यादी करणाऱ्याला ही एक नोंद, पण त्यात साऱ्या डोंगराची कथा आहे.

डोंगर उघडे का पडले, हेही फिरताना कळत गेलं. पानशेत धरण म्हटलं की पुणेकरांना 12 जुलै 1961 चा पूर आठवतो. धरणाच्या वरच्या अंगाला जे झालं ते पुणेकरांच्या आठवणीत नाही. धरणाने खालची खाचरं गेली, लोक डोंगरउतारावर चढले, हाती पैसा नाही. त्याच वेळी धरणाच्या निमित्ताने रस्ते आले आणि रस्त्यांवरून कोळशाचे ठेकेदार. शतकानुशतकं राखलेली आंबा-हिरड्याची झाडं लोकांनी कवडीमोलाने विकली आणि तिथेच भट्ट्या लागल्या. गाडगीळांनी पुढे आयुष्यभर हे उदाहरण दिलं. गरीब माणूस झाडं तोडतो, असं म्हणण्याआधी त्याला तिथे कोणी नेऊन ठेवलं ते विचारा, असा त्यांचा रोख. मुळशीच्या पाण्याखाली काय गेलं याची यादी करायला 1920 च्या दशकात कोणी शास्त्रज्ञ गेला नव्हता. पानशेतच्या वरच्या डोंगरात काय चाललं आहे ते पाहायला निदान दोघे होते.

या काळातली सर्वात बोलकी घटना मुळशीबाहेरची आहे, पण ती सोडून हा इतिहास सांगता येत नाही. श्रीवर्धन तालुक्यात गाणी नावाचं गाव आहे. तिथल्या काळकाईच्या रानावर वनखात्याने तोडीसाठी खुणा केल्या होत्या. पुण्याची दोन माणसं अशा रानांची चौकशी करत फिरतात, हे गावाच्या कानावर आलं आणि 1972 साली गावकऱ्यांनी त्यांना गाठलं: काही करा आणि तोड थांबवा. त्यांचं म्हणणं देवी कोपेल एवढंच नव्हतं. रान गेलं तर ओढा आटेल, मग प्यायचं काय? वर्तक-गाडगीळांनी रदबदली केली, खात्याने ऐकलं, रान वाचलं. संशोधनाचा विषय असलेल्या माणसांनीच संशोधकांना कामाला लावलं होतं.

1975 साली मुंबईच्या निसर्ग इतिहास मंडळाच्या, म्हणजे बीएनएचएसच्या नियतकालिकात या दोघांनी देवराया पुढेही राखाव्यात अशी बाजू मांडणारा लेख लिहिला. पुढल्या वर्षी ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या अमेरिकन नियतकालिकात पश्चिम घाटातल्या देवरायांवर सविस्तर निबंध आला. कोसंबींची मांडणी त्यांनी उचलून धरली: या प्रथेचं मूळ शेतीपूर्व काळात असावं. 1981 साली महाराष्ट्रातल्या देवरायांची यादी छापून आली. ती दोनशेच्या वर होती. पुढे इतरांनी शोध घेतला तेव्हा आकडा कितीतरी पट वाढला, कारण राई शोधायची तर गावात मुक्कामच करावा लागतो आणि दोन माणसांचे पाय किती पुरणार.

याच सुमाराला पुण्यात आणखी दोघेजण देवांच्या मागावर होते. रा. चिं. ढेरे हे आंदर मावळातल्या निगड्याचे. ज्या डोंगरातल्या देवांवर इतरांनी प्रबंध लिहिले, त्या डोंगरात ते लहानाचे मोठे झाले. 1978 साली त्यांचा ‘लज्जागौरी’ आला. गुंथर सोंथायमर जर्मनीतून आले ते धनगरांत रमले, ओव्या ऐकत हिंडले, आणि बिरोबा, म्हसकोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ 1976 साली निघाला. वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि नांगरलेली जमीन, यांच्यातला ताण त्यांनी देवांच्या कथांत शोधला. गाडगीळांनीही पुढे कैलाश मल्होत्रा यांच्याबरोबर गवळी धनगरांचा अभ्यास केला. एकाच शहरात, एकाच डोंगरांबद्दल, गणिती, वनस्पतिज्ञ, लोकसंस्कृतीचा अभ्यासक आणि परदेशी पंडित असे सगळे दोन दशकांच्या आत लिहीत होते. त्यांच्यात नेहमी संवाद होता असं नाही. ढेऱ्यांच्या वाचकाने ‘इकॉनॉमिक बॉटनी’ उघडलं नसणार आणि वनखात्यातल्या साहेबाने ‘लज्जागौरी’. हे नुकसान मला मोठं वाटतं. देवीचं नाव तिच्या झाडांपासून तोडून वाचलं की निम्मंच कळतं.

गाडगीळ 1973 साली बंगलोरला भारतीय विज्ञान संस्थेत गेले, पण राई त्यांनी सोडली नाही. 1991 साली एन. व्ही. जोशी यांच्याबरोबर त्यांनी एक गणिती निबंध लिहिला. प्रश्न असा: रानात शिकार किती आहे हे ज्या माणसांना मोजता येत नाही, त्यांनी ती संपू नये म्हणून काय करावं? रोज किती मारायचं याचा कोटा ठरवायचा तर आधी एकूण आकडा हवा, आणि तो कोणाकडेच नसतो. त्यापेक्षा एक तुकडा पूर्ण वर्ज्य करावा आणि बाकीच्या रानात हात मोकळा ठेवावा. वर्ज्य तुकड्यातून बाहेर भर पडत राहते. नियम पाळायला सोपा आणि मोडणारा लगेच दिसतो, कारण त्या सीमेच्या आत कुऱ्हाड दिसली की गुन्हा झालाच. समीकरणं बाजूला ठेवली तर उरते ती देवराई. कोसंबींनी राईत इतिहासाचा अवशेष पाहिला होता. तिशीत राई मोजलेल्या माणसाने पन्नाशीला आल्यावर तिच्यात एक चालू असलेली युक्ती पाहिली. मला यातलं दुसरं जास्त पटतं, कारण अवशेषाला गावाने दर पिढीला दंड बसवून जपायचं काय कारण?

पण युक्ती चालते ती गाव जागेवर असेपर्यंत. मुळशी तालुक्यात गेल्या तीस-चाळीस वर्षांत जमिनीचे भाव असे चढले की गावात राहणारा आणि गावाची जमीन बाळगणारा ही दोन वेगळी माणसं झाली. सत्याग्रहाच्या वेळचे सावकार निदान खंडाने भात घेत. नवा मालक कुंपण घालतो. मोसे खोऱ्यात वरसगावच्या पाण्याकाठी लवासा हे नवं शहर उभं राहत होतं, ते केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नोव्हेंबर 2010 मध्ये थांबवलं. त्याच वर्षी गाडगीळ पश्चिम घाट तज्ज्ञ समितीचे अध्यक्ष झाले होते. ऑगस्ट 2011 मध्ये समितीने अहवाल दिला. काय राखायचं आणि काय करायचं हे ग्रामसभांनी ठरवावं, हा त्याचा गाभा. गाणीच्या गावकऱ्यांकडून घेतलेला धडाच चाळीस वर्षांनी सरकारी कागदावर आला होता. सरकारने तो अहवाल बाजूला ठेवून दुसरी समिती नेमली, आणि गावागावांत ‘गाडगीळ आला तर घराला खिळा मारता येणार नाही’ अशी आवई उठली. ज्यांच्या हाती अधिकार द्यावेत असं अहवाल म्हणत होता, त्यांच्यापर्यंत तो त्यांच्या भाषेत वेळेवर पोचलाच नाही. गाडगीळ स्वतः मराठीत भरपूर लिहीत. वर्तमानपत्रांत लिहिलं, पुस्तकं केली, आत्मचरित्राचं नाव ‘सह्याचला आणि मी’ ठेवलं. एकट्याच्या लेखणीने खात्याच्या आळसाची भरपाई होत नाही.

2013 साली ताम्हिणी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचं. घाटात विंझाईचं ठाणं आहे, भोवती दाट झाडी. पावसाळ्यात रस्त्यावर गाड्यांची रांग लागते आणि मक्याची कणसं भाजणाऱ्यांची चलती असते. अभयारण्याला कायदा आहे, पहारेकरी आहे. राईची गोष्ट वेगळी. एकोणिसाव्या शतकात जंगलांची सरकारी हद्द आखली गेली तेव्हा काही राया वनखात्याकडे गेल्या, काही महसुलाकडे, काही खासगी मालकीत. गाव राखतं, सातबारा तिसऱ्याचा. आता राईवर नवं संकट आलं आहे ते भक्तीचं. देवीला छप्पर चालत नाही हे मुंबईला कमावणाऱ्या पोरांना मान्य नाही. जीर्णोद्धार समिती होते, पावतीपुस्तक छापलं जातं, स्लॅब पडतो, फरशी बसते, सभामंडपासाठी जागा हवी म्हणून चार झाडं जातात, आणि कधी त्याच झाडांच्या पैशातून कळस चढतो. कौल लावला जातोच. फक्त पूर्वी प्रश्न असा असे, की झाड घेऊ का. आता विचारतात, मंदिर बांधू का. याला देवी नाही म्हणाल्याचं फार ऐकू येत नाही.